पायाजवळचं क्रेट

गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, बुधवारच्या बाजारात तो द्राक्षांच्या क्रेटमध्ये जुन्या रेकॉर्डी मांडून बसतो. गळ्याला कायम रुमाल. आवाज इतका घोगरा आणि बारीक की गिऱ्हाइकाला वाकूनच ऐकावं लागतं. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

एक क्रेट तो पायाजवळ ठेवतो. त्यात त्याच्या आवडत्या प्रोग्रेसिव्ह रॉक या विलायती संगीताच्या रेकॉर्डी. वीस-वीस मिनिटांची गाणी करणारे बँड आपला बाज बदलून सोपं गाऊ लागले, नेमक्या त्या वेळच्या. त्यातली रेकॉर्ड हवी असेल, तर आधी तिथंच बॅटरीच्या प्लेअरवर एक बाजू ऐकावी लागते.

"इथूनच तर हे लोक बिघडले," मी एकदा शहाणपणा केला.

त्यानं त्या क्रेटमधली एक रेकॉर्ड लावली. मूळ गायक बँड सोडून गेलेला, म्हणून ड्रम वाजवणाराच तिच्यात पहिल्यांदा गात होता. पहिल्याच ओळीत तो आवाज बिचकला, तसं यानं बोट वर केलं.

"हितं घाबरलाय बघा. पण थांबला नाय."

मग त्यानं रुमाल सैल केला. गळ्यावर ऑपरेशनचा आडवा व्रण होता.

"लग्नाच्या बँडमधी गायचो मी. आता नातीला निजवताना गातो. तिला माझा आधीचा आवाज माहीतच नाय, साहेब. तिला ह्योच आवडतो."

'बिघडले' हा शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही. रेकॉर्ड फिरत होती. तो तिच्याबरोबर गुणगुणू लागला, आणि मी ऐकायला आणखी खाली वाकलो.