मागे केलेला हात

आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत तिला सगळे ‘मधली’ म्हणतात. मोठा ॲनिमेटर हालचालीचं पहिलं चित्र काढतो, शेवटचं काढतो आणि चहाला मोकळा होतो. मधली सगळी चित्रं काढायची ती हिने. सशाने उडी मारायची म्हटली की जमिनीपासून जमिनीपर्यंतचा ससा हिचा, नाव मात्र मोठ्याचं. मी शेजारच्या टेबलावर झाडं-घरं रंगवते, त्यामुळे हे वर्षानुवर्षं बघतेय आणि जळफळतेय. ती कधी जळफळली नाही. स्वभावच तसला, मिळमिळीत म्हणा हवं तर.

अशा बाईला मालकांनी एकदाची फिल्म दिली. छोटीशीच, पण दिग्दर्शन हिचं. रशियातली लोककथा आहे: आजोबा सलगम लावतात आणि त्याचा कंद एवढा माजतो की काही केल्या उपटत नाही. आजोबांना आजी धरते, आजीला नात, नातीला कुत्रा, कुत्र्याला मांजर, आणि शेवटी एवढासा उंदीर येऊन जोर लावतो तेव्हा कुठे तो निघतो.

पहिली ओढाओढ तिने मालकांना दाखवली. ते चष्मा पुसत म्हणाले, “म्हातारा कंद उपटतोय की खिडकीचा पडदा सरकवतोय?” आणि बजावलं की पुढच्या आठवड्यापर्यंत यात जोर दिसला नाही, तर फिल्म मोठ्याकडे जाईल आणि ही परत सशांकडे. मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दोन चित्रांमधली फट दिसली की हिचा हात शिवशिवायचाच. तिने म्हाताऱ्याची ओढ इतकी गुळगुळीत केली होती की बिचाऱ्याला दम लागायला जागाच नव्हती.

आमच्यात कुणी अडलं की आरशासमोर नाटक करतं. आम्ही दोघींनी यथेच्छ केलं, हसून हसून पोट दुखलं, पण म्हातारपण काही आलं नाही. मग ती मला घेऊन आपल्या वडिलांकडे गेली.

बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. तिची आई गेली तेव्हापासून ते बंद आहे. घरात आईचा विषय निघाला की ते उठून गॅलरीत जातात. शिवाय आमचं काम म्हणजे पोरखेळ, हे त्यांचं ठाम मत. तरी तिने दोरी ओढून दाखवायची गळ घातल्यावर उठले. खोटं खोटं ओढणार नाही म्हणाले आणि दोरी लोखंडी कपाटाला बांधायला लावली. पाय रोवले, ओढली. कपाट ढिम्म. मग मागे न बघताच त्यांनी एक हात मागे केला, पंजा उघडा.

माझं मशीन दुरुस्तीला नेलं होतं तेव्हा मी हे पाहिलं होतं. मशीनवर वाकलेले असताना ते असाच हात करायचे आणि तिची आई त्यात हवं ते अवजार ठेवायची. आज हात तसाच राहिला. मग त्यांनी तो पँटला पुसला आणि म्हणाले, “झालं ना तुझं?”

दुसऱ्या दिवशी मधलीने आपलीच कितीतरी चित्रं उचलून टोपलीत टाकली. आता म्हातारा ओढतो, थांबतो, हात मागे करतो. हात रिकामाच राहतो. मग म्हातारीचा हात येतो. मालक म्हणाले, असंच प्रत्येक ओढीला कर, फिल्म तुझीच.

तिने तो तुकडा घरी दाखवला. बाबांनी पुन्हा लावायला सांगितला. म्हणाले, “तिला यायला उशीर दाखवलास. ती कधी उशीर करायची नाही.” आणि त्या दिवशी ते गॅलरीत गेले नाहीत.

मधली तडक मालकांकडे गेली. पहिल्या ओढीला म्हातारी उशिरा येईल, म्हणाली, पुढे कधीच नाही. मालक तडकले. पुन्हा मोठ्याचं नाव निघालं. तेव्हा आमची ही मिळमिळीत बाई म्हणाली, “मग त्यालाच द्या. माझ्याकडे असेल तर ती वेळेवर येईल.” माझा ब्रश हातातच राहिला. मालकांनी कपाळावर हात मारला आणि कर म्हणाले.

फिल्म पहिल्यांदा हॉलमध्ये दाखवली तेव्हा बाबा पुढे बसले होते आणि आम्ही दोघी त्यांच्या मागच्या रांगेत. पहिल्या ओढीला पडद्यावरचा हात रिकामा राहिला. बाबा हलले नाहीत. दुसऱ्या ओढीला म्हाताऱ्याचा हात मागे यायच्या आतच म्हातारी तिथे होती. तिसऱ्यालाही होती. तेव्हा बाबांनी मागे न बघताच खुर्चीवरून एक हात मागे केला. मधलीने लगेच त्यात आपला दिला. उंदीर आला, कंद निघाला, सगळी मंडळी उताणी पडली, तरी बाबांनी तो हात सोडला नव्हता.