वाडीनं दिलेली परीक्षा

मंडणगडहून सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत सीलबंद प्रश्नपत्रिका होत्या आणि डोक्यात मास्तरकीचा ताठा. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, तरी आम्हा साताऱ्याकडच्या माणसांना स्वस्थ बसवत नाही. कोकणातल्या शाळा तपासायला बाहेरचे परीक्षक हवे होते, मी नाव दिलं. रत्नागिरीत प्रशिक्षण झालं, भाट्याच्या किनाऱ्यावर पाय भिजवून झाले, आणि वाट्याला आली डोंगरातली सात मुलांची शाळा.

कंडक्टरनं फाट्यावर उतरवलं. पुढे सडा (जांभ्या खडकाचं उघडं पठार) पायी ओलांडायचा होता. वर आलो आणि थांबलोच. चहूकडे काळवंडलेला तांबडा कातळ, वाळून सोनेरी झालेलं गवत आणि लांब खाली खाडीचं चकाकतं पाणी. एवढं मोठं आभाळ मी देशावर राहूनही पाहिलं नव्हतं. वर बघत चालण्याची शिक्षा लगेच मिळाली. ठेच लागली आणि चपलेचा अंगठा तुटला.

मागून लाकडाची मोळी घेऊन एक बाई येत होती. "थांबा वायच (जरा)," म्हणत तिनं मोळी उतरवली आणि सुंभाच्या तुकड्यानं माझी चप्पल बांधून दिली.

"परीक्षेचे सायेब ना तुमी?" तिनं विचारलं. "माजी श्रावणी चौथीला हाय. तिला वाचता येत नाय. आज घरीच ठेवलीय. शाळेतल्या बाईंना नाय सांगितलं मी."

मी का म्हणून विचारलं.

"गेल्या वर्षी शाळा खालच्या श्रेणीत गेली. औंदा परत गेली तर बंद करून पोरांना ह्या सड्यावरनं पलीकडच्या गावात धाडनार म्हनतात. पावसात हितं मानूस उभा ऱ्हात नाय वो."

तिचं खरं होतं. सात मुलांच्या शाळेत एक पोर अडकलं तरी श्रेणी घसरते, आणि हिशेब फक्त हजर मुलांचा होतो. कच्ची मुलं घरी ठेवण्याची युक्ती मला नवी नव्हती. मी चप्पल पायात सरकवली आणि तिच्यासोबत वाडीकडे निघालो.

शाळेत पोचलो तर बाई जागेवर नाहीत आणि वर्ग माणसांनी भरलेला! धुतलेले सदरे, नीट नेसलेली लुगडी, झाडून सगळी वाडी मांडी घालून बसली होती. मुलं मागे भिंतीला टेकलेली. गावकार (वाडीचे प्रमुख) उठले.

"पत्रात लिवलंय, शाळेची परीक्षा. शाळा आमी बांधली, चिरे डोक्यावरनं आनले. मंग उत्तरं आमी नको द्यायला? इचारा."

परीक्षा फक्त मुलांची आहे, हे मी समजावून सांगितलं. कुणी हललं नाही. आधी हसू आलं, मग अंगावर काटा आला. इतकी वर्षं शाळा पाहिल्या, पण शाळेबद्दल आम्हाला जाब विचारा म्हणणारं गाव मला कधी भेटलं नव्हतं.

एवढ्यात बाई आल्या. घामाघूम, हाताला धरून श्रावणी. दाराशी उभ्या तिच्या आईनं कपाळाला हात लावला.

"बाई, ती गैरहजर राहिली असती तरी चाललं असतं," मी हळूच म्हणालो.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या आणि तिला पाणी द्यायला वळल्या.

सहा मुलांनी उतारा झरझर वाचला. कोकणी हेल काढत, पूर्णविरामाला दम घेत. काय सुरेख वाचलं त्या पोरांनी! श्रावणीनं अक्षरं ओळखली, "काजू" हा शब्द जोडला आणि उताऱ्यावर बोट ठेवून गप्प राहिली.

गावकार पुन्हा उठले. "दोष बाईंचा नाय, सायेब. काजूच्या दिवसांत तिला बागंत आमीच न्हेतो. लिवा, वाडी नापास."

"त्यासाठी रकाना नाही हो."

"मंग शेऱ्यात लिवा."

माझं पेन तिच्या नावापाशी थांबलं होतं. मी बाईंकडे वाकून विचारलं, "थोडं सांभाळून घेऊ का?"

"नको गुरुजी. तिला वाचता येतं असं तुम्ही कागदावर लिहिलंत, तर तिला शिकवायचं कोणी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या नावापुढे "फक्त अक्षरे" लिहिलं आणि शेऱ्यात गावकारांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

जेवण श्रावणीच्या घरी झालं. तांदळाची भाकरी आणि ओल्या काजूची उसळ. निकालाचं कुणी नावही काढलं नाही. वाढताना तिच्या आईनं एवढंच विचारलं, "शिकेल ना वो ती?"

"बाई आहेत तोवर नक्की शिकेल," मी म्हणालो, आणि मग लक्षात आलं. बाई इथे राहणार की नाही, ते पिशवीतल्या त्याच कागदावर ठरणार होतं.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली, पण बाहेर लक्ष लागेना. माझी शाळा कायम वरच्या श्रेणीत असायची. तपासणीच्या आदल्या दिवशी मी दोन-तीन कच्च्या मुलांना बोलावून सांगायचो, उद्या घरीच थांबा रे. ती बिचारी खूश व्हायची.

दापोली येईपर्यंत मी त्यांची नावं आठवत बसलो. एकही आठवलं नाही.