नानांनी न घेतलेली नावं

नाशिकच्या एका हॉटेलात मी वेटरला विचारलं, "फिश फ्राय म्हणजे कोणता मासा?" तो म्हणाला, "फिशच आहे, सर." त्याच मेन्यूकार्डात पनीरला डझनभर नावं होती. नदीत जन्मलेल्या जीवाला एकही नाही.

त्याच आठवड्यात धुळ्याला, देवपूरमधल्या एका महाविद्यालयात भाषणाचं बोलावणं आलं. विषय माझ्यावर सोपवलेला. मी कळवलं, 'माशांची नावं आणि त्यांचे अर्थ.' संयोजक फोनवर चाचरले, "तरुणांना प्रेरणा मिळेल असं काही..." म्हटलं, ज्याला आपल्या नदीतल्या माशाचं नाव येत नाही, त्याला प्रेरणा देऊन करायचं काय?

पण बोलायला आधी माल हवा. म्हणून वाट वाकडी करून रेल्वेनं जळगाव गाठलं. सकाळी मेहरूण तलावावर गेलो. अख्खं शहर तिथं पोट कमी करायला येतं. गळ टाकून बसलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "इथं कोणते मासे आहेत?"

"मोठे आहेत," ते म्हणाले. संशोधनाची सुरुवात झकास झाली.

तिथून चोपड्याची एसटी. खिडकी उजवीकडची धरा. विदगावजवळ तापीचा पूल ओलांडला की केळीच्या बागा लागतात आणि त्यांच्यामागे सातपुडा. रस्ता चांगला आहे, फक्त तो केळीच्या ट्रॅक्टरांचा आहे हे मान्य करून बसायचं. चोपड्याच्या अलीकडे एका तापीकाठच्या गावात माझ्या मित्राचे मामा राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात, मामींना अक्का. शेती केळीची, पण नानांचं तारुण्य जाळं घेऊन नदीत गेलेलं. "नानांना सगळी नावं पाठ आहेत," मित्र म्हणाला होता. नानांनी तुळशीची माळ घातली आहे, एवढं सांगायला तो विसरला.

"खानं सोडं, तसं नाव बी सोडं," नाना म्हणाले. "नाव लिधं की तोंडले पानी सुटस, भाऊ. मंग माळ कसाले घाली?"

मी ओट्यावर उभा राहिलो. भाषा, वारसा, पुढची पिढी, सगळं काढलं. नाशिकच्या सभागृहात याला टाळ्या पडतात. इथे नानांनी शांतपणे पान लावलं.

सोडवलं अक्कांनी. "तुम्ही नाव लेऊ नका. अर्थ सांगा. नाव मी सांगस. मना गळामा माळ नही शे."

नाना खुलले. "शिंगं शेतस, पन दूध देत नही."

"शिंगटा!" अक्का म्हणाल्या. कल्ल्यामागे शिंगांसारखे काटे असतात त्याला.

"पानीमाईन काढा की बोलस. पन गळा बसेल."

"घोगऱ्या!"

"बादलीमा टाका, दुसरा दिन बी जित्ता."

"मरळ!"

"मरत नाही, तर मरळ का?" मी विचारलं.

"नाव मी ठेवेल शे का?" नाना म्हणाले. "आते हाऊ. कोनी बोलावं नही, तरी उना, नि घरजवाई व्हयना."

"चिलापी!" दोघंही हसले. या परदेशी माशाच्या नावाचा अर्थ मला कुणी सांगू शकलं नाही, पण नदीचा सातबारा आता त्याच्याच नावावर आहे.

मग नाना म्हणाले, "वाहतं पानी लागस त्याले. खडकना आडोसाले राहस. मोठला खवला, सोनाना गत."

अक्का म्हणाल्या, "हाऊ माले ठाऊक नही."

एक नाव, एकच गळा, आणि त्या गळ्यात माळ. नाना बोलले तर व्रत मोडणार, न बोलले तर नाव त्यांच्याबरोबर जाणार. "पाप मला लागू द्या, नाना," मी म्हणून टाकलं. दुसऱ्याच्या व्रतावर उदार होणं सोपं असतं.

"खडस," नाना सहज म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "खडस."

"माळेचं काय?" मी विचारलं.

"पानी अडनं, तैपासून आमना डोहमा तो दिसना नही. जो खावालेच भेटत नही, त्याना नावनी कसानी बंदी?"

अक्कांनी उठून शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. त्या घराच्या चुलीवर आता मासळी शिजत नाही.

दुसऱ्या दिवशी अमळनेरमार्गे धुळे. देवपूरचं भाषण गाजलं. नंतर एका प्राध्यापकांनी बाजूला घेऊन विचारलं, "सर, ते खडस धुळ्यात कुठल्या हॉटेलात चांगलं मिळतं?" समाजजागृती झाली म्हणायची.

घरी परतलो. अधूनमधून नानांना फोन करतो आणि मुद्दाम माशांचा विषय काढतो. ते चिडतात, "माळकरी मानूसले काय इचारस रे?" म्हणतात. आयुष्यभर मुलाखती घेऊन लोकांना बोलायला लावणारा मी, बंदी आहे म्हणजे मासा आहे, म्हणून त्या नकारानं खूश होऊन फोन ठेवतो.

गेल्या महिन्यात मी विचारलं, "नाना, तो गळा बसलेला काय म्हणतो?"

"घोगऱ्या ना?" नाना सहज म्हणाले.

मी पुढचं नाव विचारलं नाही.