शनिवारी काढलेलं रक्त

माझा धाकटा भाऊ रंगनाथ सुप्याच्या एका कारखान्यात चौदा वर्षं ग्राइंडिंग मशीनवर होता. बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचे पार्ट घासायचं काम. हात असा बसलेला, की सुपरवायझर माप घ्यायला यायचा तोवर हा म्हणायचा, "मोजा साहेब, बरोबरच हाय."

त्या धातूची धूळ काहींच्या अंगाला सोसत नाही, पुढं फुप्फुसं धरतात. म्हणून कंपनी दरसाल रक्त तपासायची. चार वर्षांमागं त्याचा रिपोर्ट खराब आला. त्रास काहीच नव्हता, साधा खोकलासुद्धा नाही. कंपनी म्हणाली, एका रिपोर्टवर भरवसा नको, परत रक्त पुण्याच्या लॅबला पाठवू. पुन्हा खराब आला तर मशीन सोडून पॅकिंगला.

"आक्का, पॅकिंगला मला बसवनार? अकरा वर्सं मशीन चालवून खोकी चिकटवू व्हय?" म्हणत तो भरल्या ताटावरून उठला.

मला बघवेना. मी मोहट्याच्या देवीला नवस बोलले, रिपोर्ट चांगला येऊ दे, साडी नेसवून ओटी भरीन.

रक्त शनिवारी काढलं. रिपोर्ट चांगला आला. रंगनाथनं पेढे वाटले, मी अनवाणी गडावर जाऊन ओटी भरली. तो परत मशीनवर गेला.

गेल्या वर्षी त्याला जिना चढवेना. नगरच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून तारखा बघितल्या.

"हे दुसरं रक्त पुण्याला सोमवारी पोचलं?"

"रविवारी लॅब बंद असती," मी म्हणाले.

"ताई, यात रक्तातल्या जिवंत पेशी बघतात. त्या दुसऱ्या दिवशीच पोचाव्या लागतात. उशीर झाला की मरगळतात, मग बाधा असली तरी रिपोर्ट चांगलाच दिसतो. तेव्हा तिसऱ्यांदा रक्त घ्यायला हवं होतं."

तिसरं रक्त कुणीच मागितलं नाही. कंपनीनं नाही, त्यानं नाही. मी तर नवस फेडून मोकळी झाले होते.

आता तो ऑक्सिजनची नळी लावून बसलेला असतो. उदबत्तीचा धूर सोसत नाही, म्हणून देवापुढं मी नुसती वात लावते. परवा मी ती लावत असताना तो थांबत थांबत म्हणाला,

"आक्का, तुझी देवी लई इमानी. तू रिपोर्ट मागितला, तिनं रिपोर्ट दिला."

हसता हसता त्याला खोकला लागला. मी पाणी दिलं.

देवीवर माझा राग नाही. फक्त हात जोडले, की काय मागावं ते आता ओठावर येत नाही.