विषय : बॅकअप

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एक ड्रॉवर आहे. त्यात जुन्या वायरी, चार्जर. कुठल्या मशीनचे ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या कॉम्प्युटर क्लबचे किस्से असेच साठलेत. हसवणारे वर, बाकीचे तळाशी.

आष्ट्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही जमतो. एकाने सॉफ्टवेअर नाहीतर गॅजेट चालवून दाखवायचं, बाकीच्यांनी बघायचं. क्लब काढला गणिताच्या कदम सरांनी, रिटायर झाल्यावर. वहीत त्या दिवसाचा विषय सर स्वतः लिहितात.

*

एकदा मिलिटरीतून आलेल्या सुभेदार पाटलांनी भाच्याचा फवारणीचा ड्रोन आणला. उडाला झकास, आणि उसात शिरला तो शिरलाच! पानांनी आमचे हात कापले, पण ड्रोन काही सापडेना.

"ऊसतोड आल्याबिगर गावायचा न्हाई गड्या!" सुभेदार म्हणाले.

सरांनी वहीत लिहिलं, "ड्रोन. डेमो चालू आहे."

*

कांबळेबाई नर्स होत्या. त्यांनी बीपी मोजायचं मशीन आणलं. सगळ्यांचं वाढलेलं, सरांचं तेवढं नॉर्मल.

"टेन्शन मास्तरला नसतं, वर्गाला असतं!" सर म्हणाले. तेव्हा पोट धरून हसलो. आता हा किस्सा तळाशी गेलाय.

*

त्यानंतर सरांनी बॅकअपचा डेमो दिला. "एकाच जागी ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही!" पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आम्हाला गंमत वाटली. तिसऱ्या महिन्यातही तेच, विनोदासकट. कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर कांबळेबाई एवढंच म्हणाल्या, "हे आता वाढत जाणार."

सुभेदारांनी ठरवून टाकलं. "सरास्नी कळता कामा न्हाई. टाळ्या वाजवायच्या."

तेव्हापासून कांबळेबाई दर वेळी विचारतात, "सर, पेनड्राइव्ह हरवला तर?" मागचं लिहिलेलं दिसू नये म्हणून मी दर वेळी कोरी वही नेतो. मग सरांनी लिहिलेलं पान फाडून गुपचूप जुन्या वहीत चिकटवतो. टाकवत नाही.

*

शिराळ्याचे एक इंजिनिअर नवीन आले. दुसऱ्याच मीटिंगला बोलून गेले, "सर, हे मागच्या वेळी..."

सुभेदारांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. "तुमी आज पयल्यांदाच आलाय. ध्येनात ऱ्हाईल न्हवं?"

इंजिनिअर परत आले, बसले आणि हात वर केला. "सर, फोल्डर म्हणजे काय?"

*

गेल्या रविवारी सरांची शेवटची मीटिंग होती. मुलगा त्यांना पुण्याला नेणार आहे. माझं मन थाऱ्यावर नव्हतं, आणि कोरीच्या जागी मी जुनी वही त्यांच्यापुढे ठेवली. चूक कळेपर्यंत सरांनी चष्मा लावला होता.

विषय : बॅकअप. पान उलटलं. विषय : बॅकअप. आणखी एक पान. अक्षर त्यांचंच. सुभेदार मान खाली घालून बसले होते.

सरांनी वही मिटली आणि आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"दर महिन्याला हेच शिकवतोय, आणि एकाच्याही लक्षात राहत नाही?"

"नाही राहत, सर," कांबळेबाई कशाबशा म्हणाल्या.

"असू दे," सर म्हणाले. "पुन्हा दाखवतो."