चढावरची मोजणी

जमिनीखालचं पाणी कसं आहे हे कळायला जमीन खणावी लागत नाही, हे मी चंदीगडला शिकले. लोखंडी सळ्या एका रेघेत ठोकायच्या, बॅटरीतून वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते पाहायचं. पाण्यात कारखान्याची घाण मिसळली की वीज सहज पळते, आकडा खाली येतो. काही महिन्यांनी पुन्हा त्याच जागी मोजलं की घाण कुठवर सरकली ते कळतं. त्याच जागी. बाकी सगळं यंत्र करतं, एवढं माणसाने सांभाळायचं असतं.

इंडस्ट्रियल एरियात धातूला मुलामा देणारा एक कारखाना होता. तो मागच्या खड्ड्यात तेजाबाचं पाणी सोडायचा. खड्ड्याच्या उताराला मजुरांची वस्ती आणि तिथे एकच हातपंप. वस्तीने नळ मागितला होता. सरकारी कचेरीने आमच्या छोट्याशा खासगी संस्थेला विचारलं, पंपाचं पाणी बिघडतंय का? हो म्हटलं तर नळ. नाही म्हटलं तर प्या तेच.

संस्था चालवणारे सर नागपूरचे. सळ्या थोड्या, दिवस थोडे. तेव्हा रेघ कुठे टाकली तर सर्वांत जास्त कळेल, याचा हिशेब त्यांनी मन लावून केला. "जिथलं उत्तर माहीत आहे तिथं मोजून काय करून राहिली तू? शंका आहे तिथं ठोक," असं मला सांगायचे. रेघ निघाली खड्डा आणि पंप यांच्या मधल्या पडीक प्लॉटवर. पावसाआधी मोजलं, आकडे खालीच आले. सळ्यांच्या जागी खुंट्या रोवल्या, पावसानंतर तिथेच यायचं म्हणून.

पावसाळ्यात पंजाब आणखी पेटला. बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या येत होत्या. आम्ही परत गेलो तर प्लॉटवर वाळूच्या पोत्यांचं नाकं, खुंट्या उपटलेल्या. मी तारेचं रीळ खाली ठेवलं आणि जवानाने बंदूक वर केली.

"ये तार, बॅटरी, क्या है?"

"पानी नापते हैं."

"तार से पानी? मॅडम, हमको बुद्धू समझा है?"

त्याला मी दोष देत नाही. त्या वर्षांत तार आणि बॅटरी म्हणजे बॉम्ब, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दोष मी पुढे जे झालं त्याला देते.

सरांनी रेघ उचलून कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याकडेच्या गवतावर टाकली. तिथली परवानगी मिळत होती. म्हणजे खड्ड्याच्या वर, चढाला.

"सर, घाण चढावर जात नाही."

"माहीत आहे मले. पण मोजणी पूर्ण करा लागते ना?"

"मग लिहा की जागा बदलली."

"लिहिलं तर म्हणतील काम झालंच नाही. पुढचं काम कोण देईल? तुले एवढंच वाटते तर वस्तीत पत्रकं, पर्चे वाट बापा, रिपोर्ट माझ्यावर सोड."

रिपोर्टात दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसले. आधीचा उतारावरचा, नंतरचा चढावरचा, साहजिकच मोठा. निष्कर्ष: पाणी सुधारतंय. वस्तीचा नळ नामंजूर.

मी म्हटलं, माझं नाव काढा. त्यांनी तत्काळ काढलं! कचेरीत तक्रार घेऊन गेले, तर बाबू म्हणाला, "रिपोर्ट में आपका नाम ही नहीं है जी. आप कौन?" मग खरंच पर्चा छापायला गेले, तर छापखानेवाल्याने त्या शब्दावरच हात जोडले, "इन दिनों नहीं." तेव्हा हाताने लिहिला, कार्बन घालून प्रती काढल्या आणि वस्तीत नेल्या.

पंपावर एक बाई पाणी भरत होती. म्हणाली, वाचून दाखव. वाचला: हे पाणी पिऊ नका, तुम्हाला फसवलंय, नळासाठी लढा.

"लड़ेंगे," ती म्हणाली. "आज कौन-सा पिएँ?"

दुसरा पंप वस्तीबाहेर, नाक्याच्या पलीकडे होता आणि तिथे बायकांना जाऊ देत नव्हते. हे तीच मला म्हणाली, रागावून नाही, नुसतं सांगितलं. मग बादली उचलली आणि आत नेली.