झोळीखालची परात

आमच्याकडं नवस फेडायचा म्हणजे रानातल्या देवापाशी जाऊन रोडगे करायचे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप-गूळ. नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी तोंडात कणही टाकायचा नाही. माझ्या धाकट्या बहिणीला लग्नानंतर फार वर्षांनी लेकरू झालं, त्याच्या नवसाला आम्ही घाटंजीच्या पुढं जंगलात गेलतो. बहीण सकाळपासून उपाशी.

तिथली वांदरं म्हणजे अस्सल दरोडेखोर, हातातला घास पळवतात. म्हणून बहिणीच्या सासूबाईंनी अक्कल चालवली. बाळाची झोळी चिंचेच्या फांदीला बांधली होती, तिच्याच खाली रोडग्यांची परात ठेवली. "एका नजरेत दोन्हीची राखन होते," म्हणाल्या. मलाही पटलं. मंडळी देवळात गेली, बहीण नाल्यावर आंघोळीला. मी काठी घेऊन वर फांद्यांकडं बघत बसले.

अन् अस्वल आलं खालून, झुडपातून.

अवं माय! मादी होती. पाठीवर पिल्लू, तिच्या केसांना गच्च धरून बसलेलं. थेट परातीशी आली आणि फुसफुस करत गूळ चाटायला लागली. तिच्या पाठीचा धक्का लागून झोळी हलली. माझ्या हातात काठी होती, पण हात हलेल तर शपथ. पिल्लू खाली उतरलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि झोळीबाहेर आलेला बाळाचा पाय हुंगू लागलं.

तेवढ्यात ओल्या केसांनी बहीण आली. बोंबलू नको माय, बोंबलू नको, मी मनातल्या मनात म्हणत होते. ती नाही बोंबलली. होती तिथंच खाली बसली आणि हात जोडले. मादीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. खोटं कशाला बोलू, भीतीनं माझं पाणी पाणी झालतं, तरी नजर काढवेना. एवढं काळंभोर, एवढं देखणं जनावर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिनं एकदाच घशातून आवाज काढला. पिल्लू पाठीवर चढलं, आणि आपल्याच आंगणातून जावं तशी ती सावकाश निघून गेली.

बहिणीनं लेकरू छातीशी धरलं आणि रडरड रडली. लेकरू आपलं झोपेतच. सासूबाई धावत आल्या, मी सगळं सांगितलं. परात पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"नैवेद्य उष्टा झाला ना वं! आता देवाले काय दाखवू?"

बहिणीनं परातीतला अर्धवट खाल्लेला रोडगा उचलला, तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

"अवं, उष्टं हाये थे!" सासूबाई ओरडल्या.

"मले मालूम हाये, आत्याबाई," ती म्हणाली. "लेकरूही तिच्या तोंडासमोरच होतं. तिनं गूळ खाल्ला. आता आनखी कोनाले नैवेद्य दाखवू?"

सासूबाईंना आजवर बोलण्यात कोणी हरवलं नाही. त्यांनी पदर पुढं केला.

"मलेही दे," म्हणाल्या.